संकेतस्थळावरील पाहुण्यांची नोंद

नाशिकास किंवा त्र्यंबकेश्वरी गेलेल्या यात्रेकरूस तेथील तीर्थोपाध्याय प्रथम दोनच प्रश्न विचारतात : आडनाव कोणते आणि मूळ गाव कोणते? उत्तर मिळाले की आतून एक जुनी वही येते, पाने उलटली जातात, आणि आपले पणजोबा कोणत्या साली, कोणाकोणास बरोबर घेऊन येऊन गेले, हे वाचून दाखविले जाते. या वह्यांस नामावळी म्हणतात. या नोंदीविषयी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ती पाहुण्याच्या समक्ष होते, त्याने सांगितले तेवढेच तीत उतरते, आणि पुढे कधी त्याच्या कुळातील माणूस आला तर त्याला ती मोकळेपणाने दाखविली जाते.

हल्ली आपण दिवसाकाठी ज्या अनेक ठिकाणी पाहुणे म्हणून जातो, ती ठिकाणे हातातील फोनच्या काचेवर असतात. त्यांस आपण संकेतस्थळे म्हणतो. तेथेही प्रत्येक पाहुण्याची नोंद होते. मात्र ती आपल्या समक्ष होत नाही. ती कोण करतो, कशासाठी करतो, आणि घराच्या यजमानाखेरीज आणखी कोण ती वाचतो, हे विद्यार्थिमित्रांनी आणि त्यांच्या पालकांनी समजून घ्यावे, या हेतूने हा लेख लिहीत आहे. मी कलाशाखेचा पदवीधर, यंत्रविद्येचा नव्हे. परंतु या विषयाचा निम्माच भाग यंत्राचा आहे, उरलेला निम्मा पाहुणचाराचा आहे. माझी मातृभाषा कोंकणी. तीत पाहुण्यास 'सोयरो' म्हणतात. मराठीत सोयरा म्हणजे नातलग. पाहुणा आणि नातलग यांस एकच शब्द पुरावा, ही गोष्ट मला लहानपणापासून गोड वाटत आली आहे, आणि म्हणूनच कदाचित पाहुण्याच्या पाठीमागे चाललेले हे लेखन मला अधिक खटकत असावे.

समजा, आपल्या बऱ्हाणपुरातील चार तरुणांनी कुंडी भंडाऱ्याची माहिती देणारे एक लहानसे संकेतस्थळ काढले. अब्दुर्रहीम खानखानान याच्या कारकिर्दीत, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भुयारातून शहरात आणण्याची ही योजना झाली, हे आपण जाणताच. तरुणांनी चार छायाचित्रे घातली, भुयाराचा नकाशा घातला, कुंड्यांची माहिती लिहिली. आता रावेरची एखादी विद्यार्थिनी आपल्या फोनवर ते पान उघडते, तेव्हा काय घडते?

तिच्या फोनातील ब्राउझर दूर कोठे तरी असलेल्या एका संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, निरोप धाडतो : अमुक पान पाठवा. पान पाठवावयाचे तर कोठे पाठवावयाचे, हे सर्व्हरला कळावयास नको काय? म्हणून निरोपाबरोबर परतीचा पत्ता जातोच. यास आयपी पत्ता म्हणतात. तो केवळ आकड्यांचा, किंवा आकडे आणि अक्षरे यांचा असतो. जोडीने ब्राउझरचे नाव, फोनची जात, आणि कित्येकदा आपण कोणत्या पानावरून येथे आलो, हेही कळविले जाते. सर्व्हर हे सारे दिवस-वेळेसह एका ओळीत टिपून ठेवतो. एक पाहुणा आला, दहा पाने पाहून गेला, की दहाहून अधिक ओळी झाल्या. कारण प्रत्येक छायाचित्राची मागणी निराळी. या नोंदीत कपट नाही. संकेतस्थळ बंद का पडले, कोणी दार फोडण्याचा प्रयत्न तर करीत नाही ना, हे यजमानास तिच्यावाचून कळणार नाही.

या पत्त्यावरून माणूस सापडतो काय? यजमानास तो सहसा सापडत नाही. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात मिळून सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात, आणि जोडली गेलेली उपकरणे त्याहून कितीतरी अधिक. म्हणून मोबाइल कंपन्या एकाच पत्त्यामागे पुष्कळ ग्राहक बसवितात. परिणामी बऱ्हाणपुरात बसलेला वाचक यजमानाच्या नोंदीत अनेकदा इंदूरचा किंवा भोपाळचा म्हणून दिसतो. कोणत्या क्षणी तो पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता, हे सांगणारी दुसरी नोंद मोबाइल कंपनीपाशी असते, आणि ती पोलिसांस कायद्याच्या मार्गानेच मागता येते.

आपला जिल्हा १५ ऑगस्ट २००३ रोजी पूर्व निमाडापासून वेगळा झाला, आणि इतर जिल्ह्यांप्रमाणे त्याचेही सरकारी संकेतस्थळ आहे. अशा सरकारी स्थळांच्या तळाशी 'गोपनीयता धोरण' या मथळ्याचे एक पान असते. ते बहुतेक कोणी उघडीत नाही. वर सांगितलेल्या ओळीत काय काय टिपले जाते, याची यादी तेथे सामान्यतः दिलेली असते, आणि त्या नोंदीवरून व्यक्ती शोधण्याचा प्रयत्न आम्ही एरवी करीत नाही, असेही म्हटलेले असते. तेथे जाहिरातीचा प्रश्न उद्भवत नाही. खर्च सरकार करते.

आता कुकीकडे वळू. नाव खाऊचे आहे, वस्तू खाऊची नव्हे. संगणकांच्या या व्यवहाराचा एक मूळचा स्वभाव असा की सर्व्हरला आठवण नसते. एक पान मागितले, ते दिले, की तो पाहुण्यास विसरला. पुढच्याच क्षणी तीच व्यक्ती दुसरे पान मागू लागली, तर त्याच्या दृष्टीने ती नवखीच. वाचनापुरते हे ठीक होते. परंतु १९९४ साली नेटस्केप या कंपनीत एका दुकानाचे काम आले, तेव्हा अडचण उभी राहिली. गिऱ्हाइकाने टोपलीत एक वस्तू टाकली आणि दुसरी पाहण्यास तो पुढच्या पानावर गेला, की पहिली टोपली कोणाची, हे दुकानास सांगता येईना. लू माँटुली या तरुण अभियंत्याने तोड काढली ती अशी : सर्व्हरने पानाबरोबर एक लहानशी चिठ्ठी पाठवावी, ब्राउझरने ती जपून ठेवावी, आणि त्याच ठिकाणी पुन्हा जाताना दाखवावी. संगणक लिहिणाऱ्यांच्या बोलीत अशा चिठ्ठीस आधीपासूनच 'मॅजिक कुकी' म्हणत. त्यावरून कुकी हे नाव पडले.

देवळाबाहेर चपला सांभाळणारा माणूस आपणांस क्रमांकाचा बिल्ला देतो, तसाच हा प्रकार आहे. बिल्ल्यावर आपले नाव नसते. त्या माणसास आपण कोण, कोठले, नवस कशाचा केला, याच्याशी कर्तव्य नाही. १७४२ क्रमांकाच्या चपला परत द्यावयाच्या, एवढेच त्याचे काम. आपण एकदा परवलीचा शब्द लिहून आत शिरलो की दर पानास तो पुन्हा लिहावा लागत नाही, किंवा मराठी भाषा एकदा निवडली की ती कायम राहते, हे या बिल्ल्यामुळेच. काही बिल्ले ब्राउझर मिटताच नाहीसे होतात, तर काही महिनोन्‌महिने टिकतात. कुकीमुळे फोन बिघडतो, ती फोनातील छायाचित्रे चोरते, असा जो समज कित्येकांच्या मनात आहे, तो निराधार आहे. ती काही चालणारे यंत्र नव्हे. चार किलोबाइटांच्या आतली निर्जीव चिठ्ठी आहे.

मग तक्रार कशाची? तक्रारीस जागा जाहिरातीपासून होते, आणि ती नीट समजण्यासाठी यजमानाच्या खिशाकडेही पाहिले पाहिजे. संकेतस्थळ चालविण्यास जागेचे भाडे पडते, नावाचे वार्षिक शुल्क पडते. हा खर्च वर्गणीने भागवावा, पदरचा घालावा, की जाहिराती घ्याव्यात? शाळांच्या वार्षिकांतही अखेरच्या पानांवर गावातील कापडवाल्यांच्या आणि मिठाईवाल्यांच्या जाहिराती असतात, त्यात वावगे काहीच नाही. त्या जाहिराती आपल्याला दिसतात, आपण त्यांस दिसत नाही. संकेतस्थळांवरील पहिल्या जाहिरातीही पुष्कळशा अशाच होत्या. 'हॉटवायर्ड' या अमेरिकी स्थळावर २७ ऑक्टोबर १९९४ रोजी एका दूरध्वनी कंपनीची आडवी पट्टी झळकली, ती त्या काळची प्रसिद्ध जाहिरात. कुकी आणि ही पट्टी एकाच वर्षाची अपत्ये, हा योगायोग पुढे फार महागात पडला.

कारण लवकरच असे दलाल निर्माण झाले की जे हजारो संकेतस्थळांना एकदम जाहिराती पुरवू लागले. यजमानाने करावयाचे ते इतकेच : दलालाने दिलेल्या काही ओळी आपल्या पानात चिकटवावयाच्या. त्यानंतर पानातील तेवढी चौकट यजमानाची राहत नाही. वाचकाचा ब्राउझर उरलेले पान यजमानाकडून आणतो, आणि ती चौकट मात्र थेट दलालाच्या सर्व्हरकडून. दलालही आपला बिल्ला देतो. वाचक दुसऱ्या गावच्या दुसऱ्या संकेतस्थळावर जातो. तेथेही त्याच दलालाची चौकट असते, आणि ब्राउझर प्रामाणिकपणे तोच बिल्ला पुढे करतो. देवळापाशी, दवाखान्यापाशी, सराफाच्या दुकानापाशी आणि कर्ज देणाऱ्या पेढीपाशी चपला सांभाळणारे सारे एकाच ठेकेदाराचे नोकर असावेत, आणि प्रत्येक ठिकाणी आपला क्रमांक तोच १७४२ असावा, म्हणजे काय होईल? ठेकेदारास आपले नाव अजूनही ठाऊक नाही. परंतु हा १७४२ सकाळी दवाखान्यात होता, दुपारी सराफाकडे गेला, आणि सायंकाळी कर्जाची चौकशी करून आला, हे त्यास घरच्या माणसांहून अधिक चांगले ठाऊक आहे. आपल्या कुंडी भंडाऱ्याच्या शंभरावर कुंड्या वरून पाहणाऱ्यास एकमेकींपासून अलग दिसतात. खाली उतरणाऱ्यासच कळते की भुयार एक आहे.

यास तिऱ्हाइताची कुकी म्हणतात. पान उघडण्याच्या क्षणी तिच्या आधारे एक लिलावही होतो. अमुक क्रमांकाचा वाचक, अमुक प्रकारचा फोन, अंदाजे अमुक शहर, अमुक पान, असा पुकारा होतो. जाहिरातदारांची यंत्रे बोली लावतात. जो अधिक देईल त्याची जाहिरात चौकटीत बसते. हे सारे पापणी लवण्याच्या आत. कुंडी भंडाऱ्याचे संकेतस्थळ चालविणाऱ्या त्या चार तरुणांस आपल्या पानावर कोणास कोणती जाहिरात दिसली, हे आधी कळतही नाही. त्यांस मिळतात ते पैसे. लहान स्थळास ते इतके थोडके की प्रमुख दलालाने ठरविलेली शंभर डॉलरांची किमान रक्कम साठण्यास महिने लागावेत.

मराठी स्थळांस तर हे उत्पन्नही पुष्कळ वर्षे सुलभ नव्हते. गूगलने आपली 'ॲडसेन्स' ही जाहिरात-पुरवठ्याची योजना २००३ साली सुरू केली. हिंदी मजकुराच्या पानांस ती २०१४ च्या डिसेंबरात खुली झाली आणि मराठीची पाळी त्यानंतर काही वर्षांनी आली. दरम्यान २००८ साली गूगलने 'डबलक्लिक' या मोठ्या जाहिरात-दलालाची खरेदी पुरी केली होती. तेव्हा मराठी यजमान दाराशी आला तो बाजार पुरता बसल्यावर, आणि अटी त्याने घातलेल्या नव्हत्या. त्यास दोष देताना हे विसरू नये. मात्र एक अट पाळणे त्याच्या हाती आहे, आणि ती योजना स्वतःच त्यास घालते : माझ्या पानावर तिऱ्हाईत कंपन्या कुकी ठेवतात, हे वाचकास स्पष्ट सांगणे.

याचा उपद्रव कोणास होतो? बाहेरदेशच्या लेखांत नेहमी एका माणसाचा एक फोन गृहीत धरलेला असतो. आपल्या घरांत तसे नसते. एकच फोन वडिलांच्या खिशात, आईच्या ओट्यावर, ताईच्या उशाशी आणि धाकट्याच्या हाती, असा दिवसभर फिरतो. बिल्ला फोनास दिलेला असतो, माणसास नव्हे. ताईने रात्री कोणास न विचारता एखाद्या आजाराची माहिती वाचली, तर दुसऱ्या दिवशी क्रिकेटचा धावफलक पाहणाऱ्या भावास त्या आजाराच्या औषधाची जाहिरात दिसू शकते. वडिलांनी कर्जाचे व्याजदर पाहिले, तर गृहपाठासाठी फोन घेतलेल्या मुलासमोर कर्ज देणाऱ्यांची रांग उभी राहते. कोणी चुगली केली नाही, कोणी पत्र फोडले नाही. तरी घरातील माणसाने स्वतः होऊन न सांगितलेली गोष्ट घरातच उघडी पडली. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत गंभीर वाटते ते हेच. ज्या वयात मुलामुलींस काही प्रश्न मोठ्यांस विचारण्याचा संकोच वाटतो, त्याच वयात ती ते प्रश्न फोनास विचारतात.

जाहिरातीवाचून चालणारे ठिकाण पाहावयाचे तर मराठी विकिपीडिया आहे. १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनी, तो सुरू झाला. तो चालविणारी विकिमीडिया ही संस्था देणग्यांवर उभी आहे. तेथे जाहिरातीची चौकट नाही, म्हणून दलालही नाही. कुकी तेथेही आहेत, परंतु त्या घरच्या. वाचकांविषयीची कच्ची नोंद नव्वद दिवसांच्या आत पुसावी किंवा ओळख न पटेल अशी करावी, असा संस्थेचा नियम आहे. एक गोष्ट मात्र तेथे वर्षानुवर्षे खटकण्यासारखी होती : नाव न नोंदविता कोणी मजकूर सुधारला, तर त्याचा आयपी पत्ता सर्व जगास दिसे. आता बहुतेक आवृत्त्यांत त्याऐवजी एक तात्पुरते क्रमांकवजा नाव दिसते, आणि ते नाव लक्षात ठेवण्याचे काम नव्वद दिवस टिकणारी एक कुकीच करते. पाहुण्यास झाकणारी कुकीही असू शकते, ती अशी.

जाहिरात घेऊनही पाळत टाळता येते. कुंडी भंडाऱ्याच्या पानावर गावातील एखाद्या लॉजची किंवा मावा जिलेबीच्या दुकानाची जाहिरात सरळ पैसे घेऊन छापली, तर वाचक कोण, याची चौकशी करण्याचे कारणच उरत नाही. पान वाचणारा बऱ्हाणपूर पाहू इच्छितो, एवढे पानावरूनच कळते. लहान स्थळांनी हा मार्ग अधिक आदरावा, असे माझे मत आहे. त्यास चार दुकानदारांकडे पायपीट करावी लागते, ही गोष्ट खरी.

ब्राउझर तयार करणाऱ्यांनीही थोडे हातपाय हलविले. फायरफॉक्सने २०१९ पासून माग काढणाऱ्या तिऱ्हाईत कुकी आपण होऊन अडविण्यास आरंभ केला, आणि ॲपलच्या सफारीने २०२० मध्ये तिऱ्हाइताच्या सर्वच कुकी अडविल्या. गूगलच्या क्रोमनेही २०२० साली तसे आश्वासन दिले होते, परंतु तारखा पुढे ढकलता ढकलता २०२४ मध्ये बेत बदलला, आणि २०२५ मध्ये त्या राहू द्याव्यात असे ठरविले. ज्या कंपनीचे बरेचसे उत्पन्न जाहिरातीचे, तिच्याच ब्राउझरने जाहिरातीचा बिल्ला अडवावा, ही अपेक्षा जरा भाबडीच होती.

कायद्याची वाटचाल आपल्याकडे उशिरा, पण निश्चित सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ साली संसदेने अंकीय स्वरूपातील वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य बंधनांसाठी त्या वेळी अठरा महिन्यांची मुदत ठरविण्यात आली. या कायद्याचे नववे कलम विद्यार्थ्यांनी मुद्दाम ठाऊक करून घ्यावे. अठरा वर्षांखालील प्रत्येकास कायदा बालक मानतो. त्याची माहिती वापरण्यापूर्वी आईवडिलांची किंवा पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि बालकाचा माग काढणे, त्याच्या वागणुकीवर पाळत ठेवणे किंवा त्यास लक्ष्य करून जाहिराती दाखविणे यांस मनाई आहे. शाळा, रुग्णालये अशांस कामापुरती काही सूट आहे. कलम मोडल्यास दंड दोनशे कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. आता, एका फोनावर चार माणसे असली तर या क्षणी पाहणारा बालक की बाप, हे दलालाने कसे ओळखावे? ओळखण्यासाठी अधिक चौकशी करावी, तर चौकशीच वाढते. हा पेच कायद्याच्या अंमलदारांपुढे उभा आहे.

तोवर वाचकाच्या हाती काय आहे, ते सांगतो. पान उघडताच 'सर्व स्वीकारा' असे ठळक बटण येते आणि 'नाकारा' किंवा 'निवड करा' हे फिक्या अक्षरांत असते. फिके बटण दाबल्याने मजकूर वाचण्यास बहुधा काही अडचण येत नाही. नाजूक विषय वाचावयाचा असेल तेव्हा ब्राउझरची खाजगी खिडकी उघडावी. ती मिटताच तेवढ्या वेळातले बिल्ले पुसले जातात, मात्र आयपी पत्ता त्याने लपत नाही. सेटिंगमध्ये जाऊन तिऱ्हाईत कुकी बंद करण्याची सोय क्रोममध्येही आहे. आणि हे सारे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयाचे असल्यास संगणकावर एखाद्या वृत्तपत्राचे संकेतस्थळ उघडा, वर जेथे पत्ता लिहिलेला असतो त्याच्या डाव्या अंगाच्या लहान चिन्हावर टिचकी द्या, आणि कुकींची यादी मागा. त्या यादीत वृत्तपत्राच्या नावाखेरीज आणखी किती नावे आहेत, ती वहीत उतरून घ्या. मग तीच यादी मराठी विकिपीडियावर मागून पाहा.